दुर्गाबाईच्या कुलपातला चिटबॉय

बुद्धभूषण माझा धाकटा भाऊ. सख्खा. मधात सात वर्षांचं अंतर, म्हणजे मी त्याला कडंवर घेऊन वाढवलेला हाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्याबद्दल मी जे सांगन ते कोणाला वाढवून सांगितल्यासारखं वाटंल. वाटू द्या. आख्ख्या तालुक्यात असा दुसरा माणूस दाखवा, मंग मी गप बसतो.

माझी शाळा सातवी. काम गवंड्याचं. अंबडला कोर्टाच्या मागच्या अंगाला जेवढी दोन मजली घरं हायेत त्यातल्या निम्म्यायचा गिलावा माझ्या हातचा. एकाला बी तडा न्हाई. भूषण मातर शिकला. बारावी, वर कृषी पदविका. घरात कागद आला की माय अजून बी म्हणती, "भूषणला येऊ दे, मंग उघडा."

भूषण कारखान्यात चिटबॉय हाय. ज्यायच्या गावात ऊस न्हाई त्यायच्यासाठी सांगतो. चिटबॉय म्हणजे पोरगं न्हाई. पस्तिशी गेली, कपाळावरचे केस गेले, तरी नाव तेच राहतं. ऊस तोडायला टोळी फडात उतरली की हा तिथं पाह्यजे. कोणाचा ऊस, कोणती टोळी, कोणतं ट्रॅक्टर, हे चिठ्ठीवर लिहायचं, सही करायची आन् डायवरच्या हातात द्यायची. त्या चिठ्ठीबिगर कारखान्याचा वजनकाटा गाडीला उभं करत न्हाई. दुसरं काम म्हणजे कोणाची तोड कव्हा हे गावात जाऊन सांगायचं. लागवडीच्या तारखेनं यादी लागती. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तुटतो. यादी बराबर चालली तं चिटबॉयला चहा. यादी मोडली तं लोकायपुढं उभं राह्यला साहेब येत न्हाई, तिथं बी चिटबॉयच.

शेतकी हापिसात त्याच्यासाठी एक बोल ठरलेला व्हता. कोणतं गाव तापलं की कारकून खुर्चीत मागं टेकून म्हणायचा, "द्या भूषणला तोफेच्या तोंडी." सगळे हसायचे. भूषण बी हसायचा आन् गाडीला किक मारायचा.

खरं बोलायचं तं त्याला तोफेच्या तोंडी द्यायची सुरुवात माझ्यापासून झाली. मास्तराच्या कौलावर दगड माझा गेला, कबूल करायला भूषणला पाठवलं. दुसऱ्याच्या विहिरीत बादली माझ्या हातून सुटली, माफी मागायला भूषण. मला लग्न करायचं हाय हे बापाला सांगायला बी भूषणच गेल्ता, वय वर्षं बारा. बापानं त्याला दोन ठेवून दिल्या. गाल चोळत तो बाहेर आला आन् म्हणला, "दादा, हो म्हणले."

आन् ह्याच पोरानं आठ वर्षांखाली माझ्यासाठी पक्की नोकरी सोडली. मी परांचीवरून पडल्तो. कंबर गेली, नऊ महिने पलंग. भूषण तव्हा पुण्याकडं बियाण्याच्या एका कंपनीत कायम झालेला. मला कोणी इचारलं न्हाई, सांगतलं न्हाई. एका सकाळी डोळे उघडले तं हा उशाला बसून दुधात भाकर कुस्करून राह्यला. मी म्हणलं, "सुट्टी हाय का?" तो म्हणला, "कारखान्यात चिटबॉयची जागा निघाली. हंगामी हाय, पण घरून जाता येतं." संपला इषय. नऊ महिने त्यानं मला उठवलं, बसवलं, पाठ पुसली, बाकीचं बी सगळं केलं. मी आज परांचीवर चढतो ते त्याच्या जिवावर. त्याच्या तोंडावर मी हे कधी बोल्लो न्हाई, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आता त्या दिवसाचं सांगतो. ज्या साली सगळ्यायचाच ऊस उदंड झाला, त्या सालची गोष्ट. एप्रिल संपत आल्ता, तरी निम्मा ऊस रानात उभा. तुरे येऊन गेले, पाचट वाळलं, वजन रोज घटून राह्यलं. आठ-दहा दिवसांत कारखाना बंद होणार हे सगळ्यायला माहीत. बंद झाला की जो राह्यला तो राह्यला. पेटवून द्या, न्हाईतं जनावरं घाला.

अंबडपासून दीड तासावर एक गाव हाय. नाव लिहीत न्हाई, लोक चांगले हायेत, उगं बदनामी नको. तिथं दुर्गाबाई म्हणून एक बाई. मालक वारलेला, पोरगी नांदायला गेलेली, दोन एकर ऊस एकटीनं वाढवलेला. यादीत त्या गावात पहिला नंबर तिचा. भूषणनं चार दिवस आधी जाऊन सांगतल्तं, मावशी, मंगळवारी टोळी येती, बैलाला वाढं, म्हणजे ऊसाचे हिरवे शेंडे, पाह्यजे तं ठेवून घ्या.

मंगळवारी सकाळी हापिसातून हुकूम निघाला. टोळी तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात वळवा, तिथं एका बड्या माणसाचं रान हाय. कारकून म्हणला, "गावाला कोण सांगणार?" आन् सगळ्यायनी भूषणकडं पाह्यलं.

भूषण वाटंनं इचार करत गेला. खोटं सांगावं का? मशीन बिघडली, गाडी अडकली, काही बी सांगता आलं असतं. पण ह्या बाईला तारीख त्यानंच दिल्ती. पारावर गाडी लावली तव्हा दुर्गाबाई विळ्याला धार लावून, डोक्याला फडकं बांधून तयार बसल्ती.

"टोळी माघं हाय का?" तिनं इचारलं.

"मावशी, टोळी आज येत न्हाई. दुसरीकडं वळवली."

"कोणाकडं?"

भूषणनं नाव सांगतलं. नाव ऐकल्यावर पारावरचे सगळेच उठले.

आमच्या ऊसपट्ट्यात एक रीत पडलेली हाय. यादी मोडली की कारखान्याचा जो माणूस हाताला लागंल त्याला कोंडायचं. मारायचं न्हाई, शिवी बी बेतानं द्यायची, चहा-पाणी वेळेवर द्यायचं. साहेब येऊन तोंडानं तारीख दिली की सोडायचं. भूषणला ह्याच्या आधी दोन गावात कोंडल्तं. एका ठिकाणी तं जेवायला पुरण व्हतं. पण तव्हा साहेब आल्ता, दोन घंट्यात सुटला.

ह्या गावात कोंडायला व्यायामशाळा व्हती. सरकारी निधीतून बांधलेली एक खोली, आत दोन डंबेल, एक फुटका ढोल आन् भिंतीवर बजरंगबली. दाराला कुलूप मातर न्हाई, कारण आत न्यायसारखं काही न्हाई. भुजंग म्हणून तिथला पुढारी पोरगा हाय, तो म्हणला, "कुलूप आणा रे कोणी."

दुर्गाबाई घरी गेली आन् आपल्या दाराचं कुलूप काढून घेऊन आली. पितळी, मुठीएवढं. स्वतः लावलं, ओढून पाह्यलं, किल्ली पदराच्या गाठीत बांधली. खिडकीतून भूषणला म्हणली, "लेकरा, तुझ्यावर राग न्हाई. पण किल्ली माझ्याचपाशी राहील."

"राहू द्या मावशी," भूषण म्हणला. "पंख्याचं बटन तेवढं कुठं हाय?"

भुजंगनं शेतकी हापिसाच्या साहेबाला फोन लावला आन् सगळ्यायला ऐकू जावं म्हणून मोबाईल मोठ्या आवाजात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"साहेब, तुमचा माणूस कोंडलाय. या, तारीख द्या, घेऊन जा."

तिकडून आवाज आला, "कोण, भूषण का? ठेवा मंग. आठ दिवस ठेवा. हंगामी हाय तो."

फोन बंद झाला.

भूषण खिडकीच्या आत, मोबाईल गजाच्या बाहेर, मधात एक वीत अंतर. त्यानं मला मंग सांगतलं की दादा, लोकायची शिवी लागली न्हाई, पण तेवढं वाक्य ऐकून मी ढोलावर जाऊन बसलो. गावानं साहेबाला अडकवायला गळ टाकलेला, आन् साहेब म्हणतो, तो गळ बी तुमच्यापाशीच ठेवा.

मला हे सगळं दुपारी कळलं. मी परांचीवर. भूषणची बायको भावना हिचा फोन आला. दारात तीन ट्रॅक्टरवाले येऊन बसलेत, म्हणली, टोळीनं ऊस तोडून भरला, गाड्या उन्हात उभ्या, चिठ्ठी लिहायला हे न्हाईत. ह्यायचा फोन लागंना. मंग त्या बड्या माणसाच्या गावातून एकानं सांगतलं, तुमच्या माणसाला कोंडलंय.

मी थापी तशीच टाकली, हात बी धुतले न्हाईत. ट्रॅक्टरवाल्यायच्या मोटरसायकलवर बसलो, म्हणलं, चला.

गावात शिरलो तं सिमेंटचे हात पाहून लोक बाजूला झाले. मी म्हणलं, "कोणी कोंडलं माझ्या भावाला?"

"मी," दुर्गाबाई म्हणली. "तुम्ही कारखान्याचे का?"

"मी त्याचा दादा."

"मंग तुमचं काय काम? साहेब पाह्यजे आम्हाला."

आता ह्या बाईशी काय भांडावं? मी खिडकीपाशी गेलो. भूषण आतून म्हणला, "दादा, जेवलास का?" मला कोंडलेलं अस्तं तं मी दार डोक्यावर घेतलं अस्तं. हा मला जेवणाचं इचारून राह्यला.

तेवढ्यात ट्रॅक्टरवाले पुढं आले. भूषणभाऊ, चिठ्ठ्या लिहून द्या, सकाळपासून ऊस वाळून राह्यला. आन् माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. चिठ्ठ्यायचं बुक भूषणच्या पिशवीत. पिशवी आत. ह्या गावायच्या पूर्ण गटात दुसरं बुक न्हाई. म्हणजे ज्याला आठ दिवस ठेवा म्हणले, त्याच्याबिगर एक गाडी काट्यावर चढत न्हाई.

मी मोठ्यानं म्हणलं, "लिहू नको भूषण. बिलकुल लिहू नको. उभ्या राहू दे गाड्या. त्या बड्या माणसाचा ऊस वाळंल, तो साहेबाला फोन करंल, साहेब पळत येतो का न्हाई पाहा."

भुजंग म्हणला, "दादा बराबर बोल्ले."

दुर्गाबाई बी म्हणली, "लेकरा, ऐक तुझ्या भावाचं. माझा ऊस तुटायचा हाच एक रस्ता हाय."

खरंच तोच रस्ता व्हता. मी आज बी म्हणतो. आख्खं गाव खिडकीपुढं उभं, आन् सगळ्यायचं म्हणणं एक. भूषणनं पिशवीतून बुक काढलं आन् मांडीवर ठेवलं.

मंग म्हणला, "दादा, ऊस त्या माणसाचा हाय, पण तोड टोळीची हाय. बावीस माणसं सकाळपासून वाकली. त्यायला वजनावर भेटतं. हा ऊस वाळला तं त्या माणसाचं थोडं जाईन, ह्यायचं आजचं सगळं जाईन. आन् त्यायनी तं कोणाची यादी मोडली न्हाई." दुर्गाबाईकडं वळून म्हणला, "मावशी, तुम्ही मला शिव्या द्या. पण मला लिहावं लागंल."

आन् त्यानं गजातून हात बाहेर काढून तिन्ही चिठ्ठ्या लिहून दिल्या. अक्षर पाहावं त्याचं. कोंडलेल्या माणसाचं अक्षर वाटत न्हाई.

ट्रॅक्टरवाले गेले. गावातले लोक आमच्याकडं पाठ करून बसले. मला एवढा राग आल्ता की मी खिडकीला म्हणलं, "बस मंग आता. तुझ्यासारखे हायेत म्हणूनच तोफेच्या तोंडी देत्येत तुला. हापिसातले बराबर म्हणत्येत."

पाराच्या टोकाला साहेबराव म्हणून एक म्हातारा बसल्ता. फौजेतून रिटायर, पाठ अजून सरळ. तो तिथूनच म्हणला, "गवंडी, तो बोल फौजेतला हाय. माहीत नसंल तं वापरू नका."

मी म्हणलं, "त्यात माहीत काय व्हायचंय? ज्याला पुढं ढकलत्येत तो."

"न्हाई. पुढं कोणाला तरी जावंच लागतं. मी बी गेल्तो. पण आमचा सुभेदार संध्याकाळी हजेरी घ्यायचा. नाव घेतलं आन् उत्तर आलं न्हाई, तं लंगर थांबायचा. कोणी जेवत नव्हतं, आधी तो कुठं हाय ते पाहा. अशानं पुढं पाठवलं तं त्याला तोफेच्या तोंडी देणं म्हणत न्हाईत. जिथं माघारी हजेरीच घेत न्हाईत, गेला तं गेला, दुसरा पाठवू, तिथं म्हणत्येत." तो उठला. सावकाश चालत खिडकीपाशी आला. "कारखान्यानं ह्याची हजेरी घेतली न्हाई, हे सकाळी फोनवर आपण सगळ्यायनी ऐकलं. दहा वाजता ऐकलं. आता चार वाजले. कळल्यावर बी सहा घंटे आपण ह्यालाच कोंडून बसलो. मंग तोफेच्या तोंडी कोणी दिलं ह्याला, साहेबानं का आपण?"

मला मास्तराचं कौल आठवलं, विहीर आठवली, बापाच्या दोन थपडा आठवल्या.

दुर्गाबाईनं पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ कचून बसल्ती, दातानं सोडवली. कुलूप काढलं आन् भूषणला म्हणली, "चल, आधी जेव."

"मावशी, ऊस?"

"ऊसाचं पाहू. चल म्हणलं ना."

आम्ही दोघं तिच्या घरात बसून जेवलो. आमच्या जातीमुळं आमच्या मायला असल्या गल्लीतला उंबरा कोणी कधी ओलांडू दिला नव्हता. दुर्गाबाईनं आपल्या हातानं ताटं केली. पिठलं, ज्वारीची भाकर, ठेचा. भूषणला तिसरी भाकर वाढताना म्हणली, "सहा घंटे कोंडलं मी तुला, एकदा बी दार वाजवलं न्हाईस."

"तुमचंच कुलूप व्हतं," भूषण म्हणला. "वाजवून काय उपेग."

ती हसली, पण डोळ्याला पदर लावला. दोन एकर ऊस खिडकीतून दिसत व्हता, वाळलेला, पिवळा. चिठ्ठ्या तं गेल्त्या. साहेबाला ओढून आणायला गावापाशी काहीच उरलं नव्हतं. भूषणनं तिसरी भाकर तशीच ठेवली आन् ऊसाकडं पाहत राह्यला. घरी येताना त्याचीच मोटरसायकल मी चालवली, तो माझ्या माघं बसल्ता. एवढंच म्हणला, "दादा, चुकलं का रे माझं?"

मी, ज्याला सगळ्यातलं कळतं, नुसतं म्हणलं, "नीट धरून बस."

तिकडं ट्रॅक्टरवाल्यायनी टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जाऊन सगळं सांगतलं. हे आम्हाला मंग कळलं. टोळीचा मुकादम रामकिसन, त्याची बायको बेबीनंदा. फोनवर साहेब काय बोल्ला ते बी गावातून त्यायच्यापर्यंत पोचल्तं. बेबीनंदा चुलीपुढून म्हणली म्हणं, "हंगामी तं आपण बी हाव. आपल्यापैकी कोणाला कोंडलं तं साहेब हेच म्हणंल. आन् तो माणूस कोंडलेला असून आपलं वजन वाचवून राह्यला." रामकिसन म्हणला, उद्या हुकूम बड्या रानाचाच हाय. ती म्हणली, "हुकूम तुला हाय. कोयता माझ्या हातात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला भूषणचा फोन वाजला. रामकिसन. "भूषणभाऊ, बुक घेऊन या. दुर्गाबाईच्या फडात उतरलो आम्ही."

मी बी गेलो. काम बुडालं तं बुडालं. बांधावर पोचलो तव्हा अकराच्या अकरा कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या अकरा जोड्या, ऊसात शिरल्ते. चार सऱ्या आडव्या पडल्त्या. दुर्गाबाई सगळ्यायला चहा वाटून राह्यली, आन् साहेबराव कपबशा धरून तिच्या माघं.

आठ वाजता साहेबाची जीप आली. खाली उतरून त्यानं रामकिसनला इचारलं, "इथं कोणाच्या हुकमानं उतरले?"

रामकिसननं कोयता थांबवला न्हाई. म्हणला, "यादीच्या. तुमच्याच सहीची हाय, पहिला नंबर ह्या बाईचा."

साहेब भूषणकडं वळला. भूषणनं यादी काढून पुढं धरली. साहेबानं ती वाचली, फडाकडं पाह्यलं, बांधावर उभ्या आख्ख्या गावाकडं पाह्यलं. "पुढचा नंबर कोणाचा?" त्यानं इचारलं. भूषणनं सांगतलं. "बरं," साहेब म्हणला आन् जीपमधी जाऊन बसला.

साडेनवाला पहिलं ट्रॅक्टर भरलं. भूषणनं गुडघ्यावर बुक ठेवलं, दुर्गाबाईचं नाव पूर्ण लिहिलं, टोळी लिहिली, गाडी लिहिली, सही केली आन् चिठ्ठी फाडून डायवरला दिली. ट्रॅक्टर बांधावरून रस्त्याला लागलं. दुर्गाबाई त्याच्या माघं माघं पार डांबरीपर्यंत चालत गेली.